क्रिएटिनीन नॉर्मल, मग पोटाचा घेर कशाला मोजायचा?

सडेतोड: "शुगर-बीपी काठावर असू दे, क्रिएटिनीन १.१ आहे ना? मग किडनी ठणठणीत," असं काल इथे कुणीतरी ठोकून दिलं आणि खाली माना डोलावणाऱ्यांची रांग लागली. म्हणून हे लांबलचक. क्रिएटिनीन म्हणजे किडनीने रक्तातून गाळून टाकायचा कचरा. पोटाची चरबी, इन्सुलिनला दाद न देणारं शरीर आणि चढतं बीपी एकत्र आले (हाच तो मेटाबॉलिक सिंड्रोम) की ग्लोमेरुलसमधला, म्हणजे किडनीतल्या बारीक गाळणीतला, दाब वाढतो: रक्त आणणारी धमनी सैलावते, बाहेर नेणारी अँजिओटेन्सिन या हार्मोनमुळे आवळते. सुरुवातीला जीएफआर, म्हणजे किडनीचा गाळण्याचा वेग, चक्क वाढतो, रिपोर्ट झकास! आत पोडोसाइट, म्हणजे गाळणीला वेढणाऱ्या पेशी, ताणल्या जातात. गेलेल्यांची भरपाई जवळपास होतच नाही, आणि लघवीतून अल्ब्युमिन हे रक्तातलं प्रथिन गळू लागतं. क्रिएटिनीन रेंजबाहेर जाईपर्यंत निम्मं काम गेलेलं असू शकतं. सकाळच्या पहिल्या लघवीचा एसीआर (अल्ब्युमिन आणि क्रिएटिनीनचं प्रमाण) करा. ३० मिग्रॅ/ग्रॅम किंवा त्याहून जास्त आला तर तीन महिन्यांत पुन्हा. लघवी तपासायच्या साध्या पट्टीवर एवढं अल्ब्युमिन बऱ्याचदा दिसतच नाही.

तिरकस: 'सिंड्रोम' हे नुसतं लेबल. शुगर आणि बीपी धरा, घेर सोडा. वेगळं काय कळलं?

सडेतोड: उपाशीपोटी शुगर १०५, बीपी १३२/८६, ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) १८०. यातल्या एकालाही कुणी विचारत नाही, पण सिंड्रोमच्या पाचापैकी तीन निकष भरले. आणि डायबेटिस नसतानाही निव्वळ लठ्ठपणाने फुगलेले ग्लोमेरुलस बायॉप्सीत दिसतात, त्याचं काय?

गोळीबंद: ते राहू द्या. टेल्मिसार्टन या बीपीच्या गोळीने क्रिएटिनीन वाढतं, यावर सगळे गप्प का?

सडेतोड: वाढणारच! ही गोळी अँजिओटेन्सिनला अडवते, म्हणून आवळलेली धमनी सैल झाली, गाळणीतला दाब उतरला. ३० टक्क्यांपर्यंतची वाढ चालते. दोन ते चार आठवड्यांत क्रिएटिनीन आणि पोटॅशियम तपासायचं. घाबरून गोळी बंद करणारेच नुकसान करून घेतात.

गोळीबंद: वा! आणि सोबत लघवी वाढवणारी गोळी आणि गुडघ्यासाठी डायक्लोफेनॅक ही वेदनाशामक गोळी चालू असेल तर? वर जुलाब-उलट्या झाल्या तर? तेव्हाही "घाबरू नका"? अर्धवट सल्ले देऊन लोकांना डायलिसिसला पाठवाल.

सडेतोड: मी डायक्लोफेनॅक घ्या म्हटलं कुठे? या तीन गोळ्यांच्या त्रिकुटातला खलनायक तोच, आणि बदनामी टेल्मिसार्टनची!

तिरकस: घेराचा धागा होता ना हा?

सडेतोड: असो. जुलाब-उलट्यांत टेल्मिसार्टन आणि लघवीची गोळी डॉक्टरांना विचारून तात्पुरती थांबवायची, पोट सावरलं की पुन्हा सुरू. एवढं मान्य. खूश?

गोळीबंद: पहिल्याच प्रतिसादात लिहिलं असतं तर भांडण वाचलं असतं. आणि क्रिएटिनीनची वाढ ३० टक्क्यांच्या वर गेली तर किडनीची धमनी अरुंद आहे का, तेही बघायचं असतं. तेवढं राहिलंच तुमचं.