मादी लॅब्रॅडॉरसाठी नदीचे नाव

लॅब्रॅडॉर जातीच्या मादी पिल्लाला काय नाव द्यावे या चर्चेत, नाव दोन-तीन अक्षरी आणि स्वरान्त, म्हणजे स्वराने संपणारे, असावे असे मत आले आहे; ते मला पटते, परंतु तिथे 'गौरी', 'राणी' ही सुचवलेली नावे गावात अडचणीची ठरतात, कारण त्याच नावाची एखादी लेक किंवा सून शेजारी असतेच आणि बांधावरून कुत्रीला हाक मारली की तिच्या घरच्यांचे मन दुखावते. 'बसंती' हे नाव तर मी टाळावेच म्हणेन; त्याची सुरुवातच 'बस' या आज्ञेने होते आणि शिकवताना पिल्लू गोंधळते.

माझ्या मते आपल्याकडच्या लहान नद्यांची नावे अधिक शोभतील. लॅब्रॅडॉरचे पूर्वज कॅनडातील न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्यावर कोळ्यांच्या मदतीला असत, या कुत्र्यांच्या पायाच्या बोटांमध्ये पोहण्यास उपयोगी पडणारी कातडी असते आणि पाण्याची ओढ त्यांच्या रक्तातच आहे. आमच्या चंद्रपूरकडची इरई किंवा यवतमाळकडची बेंबळा, या दोन्ही वर्धेला मिळणाऱ्या नद्या असून ही नावे माणसांत सहसा आढळत नाहीत. आमच्या कुत्रीचे नाव आम्ही इरईच ठेवले आहे. शेवटचा स्वर लांबवता येत असल्याने तुरीच्या उभ्या पिकातूनही ती हाक ऐकून धावत येते.