शिक्षणातून आरोग्याकडे वळणाऱ्या तंत्रज्ञान-उद्योजकाच्या हाती नेमके काय असते?

प्रश्न

सर्वांना नमस्कार. गेली नऊ वर्षे मी सॉफ्टवेअर क्षेत्रात आहे आणि त्यांतील शेवटची पाच वर्षे विद्यार्थ्यांकडून गणिताचा सराव करून घेणाऱ्या एका ॲपवर गेली. आता एका सहकाऱ्यासह आरोग्यक्षेत्रात स्वतःची कंपनी काढावी असे मनात आहे. मधुमेहाच्या रुग्णांना औषधे, आहार आणि तपासण्या यांत सातत्य राखता यावे, एवढी कल्पना स्पष्ट आहे. बाकी पुष्कळसे अजून धूसर आहे.

या निमित्ताने डॅफ्नी कोलर यांच्या कारकिर्दीकडे पुन्हा पुन्हा लक्ष जाते. स्टॅनफर्ड विद्यापीठात प्राध्यापक असताना त्यांनी २०१२ मध्ये तेथील सहकारी प्राध्यापक अँड्र्यू एन्ग यांच्यासह कोर्सेरा ही ऑनलाइन अभ्यासक्रम पुरवणारी कंपनी सुरू केली, २०१६ मध्ये तेथून त्या बाहेर पडल्या आणि २०१८ मध्ये औषधशोधासाठी इन्सिट्रो ही कंपनी स्थापन केली. एवढी भिन्न क्षेत्रे एकाच व्यक्तीने कशी हाताळली असतील? शिक्षणात कमावलेले काय आरोग्यात कामी येते आणि काय उंबऱ्याबाहेर ठेवावे लागते, हे जाणकारांनी सांगितल्यास मी आभारी राहीन.

प्रतिसाद १

आपल्या प्रश्नात एक गृहीतक दडलेले आहे आणि आधी ते तपासावे असे मला वाटते. कोलर शिक्षणातून आरोग्याकडे गेल्या, असे कोर्सेरापासून मोजायला सुरुवात केली तरच दिसते. त्यांनी स्टॅनफर्डमधून १९९३ मध्ये पीएच.डी. मिळवली, १९९५ पासून त्या तेथेच शिकवू लागल्या, आणि अनिश्चिततेतही गणिती शिस्तीने अनुमान कसे काढावे हा त्यांच्या संशोधनाचा गाभा होता. जनुके गटागटाने कशी नियंत्रित होतात हे मशीन लर्निंगच्या, म्हणजे संगणकाने आकडेवारीतून स्वतः शिकण्याच्या तंत्राच्या, साहाय्याने शोधणारा, त्यांचा सहभाग असलेला शोधनिबंध २००३ चा आहे. म्हणजे कोर्सेराच्या नऊ वर्षे आधीचा.

२०११ मधील कामाचा उल्लेख तर मी मुद्दाम करतो. स्तनाच्या कर्करोगाच्या ऊतींच्या सूक्ष्मदर्शकीय प्रतिमांतून साडेसहा हजारांहून अधिक वैशिष्ट्ये संगणकाने मोजली आणि रुग्ण किती काळ जगेल याच्याशी त्यांचा संबंध तपासला. विकृतिशास्त्रज्ञांचे लक्ष प्रामुख्याने कर्करोगाच्या पेशींवर असे. येथे मात्र त्या पेशींभोवतीच्या आधार-ऊतीची ठेवणही फार बोलकी ठरली. काय पाहायचे हे माणसाने आधीच ठरवून दिले असते, तर हे कदाचित निसटले असते. त्याच वर्षी स्टॅनफर्डने तीन संगणकशास्त्रीय अभ्यासक्रम इंटरनेटवर सर्वांसाठी विनामूल्य खुले केले आणि लाखभर विद्यार्थी एकेका वर्गात नाव नोंदवू लागले. कोर्सेरा या घटनेतून जन्मली. त्यामुळे २०१६ नंतरची वाटचाल मला क्षेत्रांतरापेक्षा परतीची अधिक वाटते, आणि आपल्या बाबतीत तशी परत जाण्याची जागा आहे का, हे आपणच तपासायला हवे.

प्रतिसाद २

मी औषधांच्या चाचण्यांच्या सांख्यिकीचे काम करते, त्याआधी काही वर्षे शैक्षणिक सॉफ्टवेअरमध्ये होते. दोन्हीकडे पाहिल्यावर मला सर्वांत मोठा फरक जाणवला तो चूक कळायला लागणाऱ्या काळाचा.

कोलर यांनी २०१२ मधील एका भाषणात सांगितलेले उदाहरण घ्या. एन्ग यांच्या वर्गात एका प्रश्नाला सुमारे दोन हजार विद्यार्थ्यांनी अगदी तेच चुकीचे उत्तर दिले. शंभर जणांच्या वर्गात असे दोघेच सापडले असते आणि कोणाच्या लक्षातही आले नसते. दोन हजार सापडले म्हणजे गैरसमज कोठे आहे ते कळले आणि तसे उत्तर येताच त्यावर नेमकी सूचना दाखवता आली. शिक्षणातील तंत्रज्ञानाचे हे खरे बळ आहे: आज बदल करावा आणि आठवडाभरात परिणाम पाहावा.

औषधाचे असे नाही. प्रयोगशाळेतील कल्पनेपासून मंजुरीपर्यंत दहा-बारा वर्षे सहज जातात आणि माणसांवरील चाचण्यांपर्यंत पोहोचलेल्या दर दहा औषधांपैकी साधारण नऊ मंजुरीपर्यंत पोहोचत नाहीत. १९५० पासून, महागाई वजा करता, एक अब्ज डॉलर संशोधनखर्चामागे मंजूर होणाऱ्या नव्या औषधांची संख्या सुमारे दर नऊ वर्षांनी निम्मी होत आली, असे २०१२ मध्ये मांडले गेले. संगणकाच्या वाढत्या ताकदीविषयीच्या मूरच्या नियमाचे नाव उलटे वाचून त्याला एरूमचा नियम म्हणतात. इन्सिट्रोची धडपड याच ठिकाणी आहे. प्रौढ पेशींना पुन्हा मूलपेशींच्या अवस्थेत नेण्याची पद्धत मानवी पेशींबाबत २००७ मध्ये साधली आणि क्रिस्पर या जनुकसंपादनाच्या तंत्रामुळे जनुकांत नेमके बदल करणे सोपे झाले. त्यामुळे आजाराचे नमुने पेशींतच घडवून, त्यांची हजारो निरीक्षणे मुद्दाम मशीन लर्निंगसाठी निर्माण करता येतात. चूक रुग्णापर्यंत पोहोचण्याआधी, स्वस्तात आणि लवकर कळावी, असा हा प्रयत्न आहे. शिक्षणातली सवय त्यांनी टाकली नाही, तिच्यासाठी प्रयोगशाळा उभारली, असे मी म्हणेन.

आपले ॲप औषध नाही, तरीही इन्सुलिनच्या मात्रेविषयी ते एक वाक्य जरी बोलले, तरी वैद्यकीय उपकरणांचे नियम लागू होण्याची शक्यता धरूनच चाला. थेरानोसचे उदाहरण कटू असले तरी विसरू नये. २००३ मध्ये स्थापन झालेली ती कंपनी थेंबभर रक्तात असंख्य तपासण्या होतील असे सांगत राहिली, २०१८ मध्ये बंद पडली आणि तिच्या संस्थापिकेला २०२२ मध्ये गुंतवणूकदारांच्या फसवणुकीबद्दल न्यायालयाने दोषी ठरवले. अपुरे सॉफ्टवेअर बाजारात आणून मागाहून सुधारण्याची रीत येथे माणसांना इजा करते.

प्रतिसाद ३

वरील दोन्ही प्रतिसाद मोलाचे आहेत, परंतु शिक्षणातले एक अपयश त्यांत आलेले नाही आणि मूळ प्रश्नकर्त्यांसाठी तेच सर्वांत महत्त्वाचे आहे. विनामूल्य अभ्यासक्रम ज्यांना शिक्षण मिळत नाही त्यांच्यापर्यंत पोहोचतील ही आशा मनापासूनची होती. प्रत्यक्षात पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठाने २०१३ मध्ये कोर्सेरावरील आपल्या अभ्यासक्रमांच्या विद्यार्थ्यांची पाहणी केली, तेव्हा ऐंशी टक्क्यांहून अधिक जणांकडे आधीच पदवी होती. नाव नोंदवून अभ्यासक्रम पूर्ण करणारेही थोडेच निघाले.

आरोग्याच्या ॲपमध्ये हेच घडते. साखरेची नोंद रोज नेमाने करणारा रुग्ण बहुधा आधीच काळजी घेत असतो. ज्याची साखर महिनोन्महिने चढलेली असते तो तिसऱ्या दिवशी ॲप उघडत नाही. आपल्या आकडेवारीत मग सुधारणा दिसते, आणि ती आपल्यामुळे झाली असे वाटून आपण स्वतःची फसगत करून घेतो. मी स्वतः अशा एका प्रकल्पात दीड वर्ष घालवले. ॲप सोडून गेलेल्यांना मोजायचे आम्हाला सुचलेच नाही, याची खंत आजही आहे. सोडून गेलेल्यांनाही गृहीत धरून तुलना करा, शक्य असल्यास चिठ्ठ्या टाकून दोन गट पाडा आणि तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी एचबीए१सी तपासणी हाच निकष ठेवा.

प्रश्नकर्ता

तिघांचेही मनःपूर्वक आभार. आमच्या सराव-ॲपमध्येही सोडून गेलेल्या विद्यार्थ्यांची नोंद आम्ही वेगळी ठेवली नव्हती, हे वाचताना लक्षात आले आणि अस्वस्थ झालो. परत जाण्याची जागा माझ्याकडे नाही. जीवशास्त्र शाळेनंतर सुटले ते सुटलेच. मग मधुमेहतज्ज्ञाला भागीदार म्हणून घेऊन लगेच सुरुवात करावी, की आधी त्या क्षेत्रात नोकरी करावी?

प्रतिसाद १

मधुमेहतज्ज्ञ हवाच, आणि तो सल्लागार म्हणून नव्हे तर निर्णय थांबवण्याचा अधिकार असलेला भागीदार म्हणून हवा. नोकरीबद्दल म्हणाल, तर कोलर यांच्या वाटचालीतील २०१६ ते २०१८ हा टप्पा सहसा कोणी सांगत नाही. कोर्सेरा सोडल्यावर त्यांनी लगेच कंपनी काढली नाही. वार्धक्याच्या जीवशास्त्रावर संशोधन करणाऱ्या कॅलिको या कंपनीत त्या संगणनविभागाच्या प्रमुख म्हणून रुजू झाल्या. जैविक आकडेवारीवर दशकाहून अधिक काळ काम केलेल्या संशोधिकेने हे केले. आपणही वर्ष-दीड वर्ष अशा ठिकाणी काढावे, जेथे रुग्ण रोज समोर येतात.