सांभाळणारीच आजारी पडली तर? नागपुरातील पालकांकडून मार्गदर्शन हवे

प्रश्न : मानेवाड्याची आई

माझा मुलगा सत्तावीस वर्षांचा असून त्याला जन्मापासून सेरेब्रल पाल्सी आहे. दिव्यांगत्व 90 टक्के आहे. बोलणे तुटक असले तरी त्याला सर्व समजते. दोन महिन्यांपूर्वी माझे मणक्याचे दुखणे वाढले म्हणून शहरातील एका रुग्णालयात गेले, तेव्हा डॉक्टरांनी केसपेपरवर ‘जड वजन उचलू नये’ असे लिहून दिले. मुलगा 52 किलोंचा आहे आणि त्याला पलंगावरून खुर्चीत, खुर्चीतून न्हाणीघरात मीच नेते, हे कोणी विचारले नाही. मीही सांगितले नाही. यजमान राज्य शासनाच्या सेवेतून निवृत्त झाले असून हृदयरोगी आहेत. त्यांच्या निवृत्तिवेतनामुळे संजय गांधी निराधार अनुदान योजनेतील 50,000 रुपयांच्या वार्षिक उत्पन्नमर्यादेत आम्ही बसत नाही. मुलाचे यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचे शासकीय ओळखपत्र, आहे. परंतु त्याला सांभाळणाऱ्या माणसासाठी काही तरतूद आहे का? शिवाय त्याच्या नावे खाते उघडायचे तर बँक पालकत्वाचा कागद मागते. तो कोठे मिळतो?

उत्तर : सेवानिवृत्त अव्वल कारकून

ताई, आधी बँकेचे सांगतो. मूल अठरा वर्षांचे झाले की आईवडील कायद्याने आपोआप पालक राहत नाहीत, ही गोष्ट बहुतेकांना बँकेच्या खिडकीशीच कळते. सेरेब्रल पाल्सी, स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता असलेल्यांसाठी 1999 च्या राष्ट्रीय न्यास अधिनियमानुसार जिल्ह्यात स्थानिक स्तर समिती असते व जिल्हाधिकारी तिच्यावर असतात. तिच्याकडे ‘नमुना अ’ मध्ये अर्ज करावा. नियुक्तीनंतर सहा महिन्यांच्या आत मुलाच्या मालमत्तेची यादी सादर करावी लागते; ते बहुतेकजण विसरतात.

न्यासाच्या ‘निरामय’ योजनेत 1 लाख रुपयांपर्यंत विमासंरक्षण असून ओपीडी आणि थेरपीचा खर्चही त्यात धरला जातो. महात्मा जोतिराव फुले योजनेचा भर रुग्णालयात दाखल होऊन घ्यायच्या उपचारांवर आहे, त्यामुळे आपल्या मुलांचा रोजचा खर्च तिच्यात बसत नाही. यजमानांच्या निवृत्तिवेतनाच्या कागदांत मुलाचे नाव दिव्यांग अपत्य म्हणून नोंदले आहे का, हेही पाहून घ्यावे.

उत्तर : चाकाच्या खुर्चीतला वकील

माहिती बरोबर आहे, परंतु घाई नको. मुलाला सर्व समजते असे ताईंनीच लिहिले आहे. मग त्याच्या वतीने सर्व निर्णय दुसऱ्याने का घ्यावेत? दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 च्या कलम 14 मध्ये मर्यादित पालकत्व आहे, म्हणजे पालकत्व ठरावीक निर्णयापुरते आणि ठरावीक काळापुरते, आणि निर्णय पालक व मुलगा दोघांनी मिळून घ्यायचे. आधी त्याला विचारा.

आता मूळ प्रश्नाकडे वळतो. याच कायद्याच्या कलम 24 मध्ये अधिक सहाय्याची गरज असलेल्या दिव्यांगांसाठी काळजीवाहक भत्त्याचा स्पष्ट उल्लेख आहे, मात्र त्याच कलमात ‘आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत’ असेही शब्द असल्यामुळे शासनाला सुटायला वाट मिळते. केरळात काळजीवाहकाला महिना 600 रुपये देणारी योजना आहे. रक्कम तुटपुंजी, पण सांभाळणाऱ्याची नोंद तरी होते. कलम 38 नुसार अधिक सहाय्यासाठी अर्ज करा आणि पोच घ्या. दाद लागली नाही तर पुण्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तांकडे जाता येईल, आणि तेव्हा तोंडी विनवण्यांपेक्षा पोचेचा कागद उपयोगी पडेल.

उत्तर : फिजिओथेरपिस्ट, धंतोली

भत्ता मिळेल तेव्हा मिळेल. ताईंची पाठ आज वाचवायला हवी. पलंग आणि खुर्चीची बैठक एका उंचीवर आणा, खुर्चीचा हात काढता येणारा घ्या आणि मध्ये गुळगुळीत, भक्कम फळी ठेवा, म्हणजे मुलाला उचलण्याऐवजी सरकवता येईल. त्याच्या कमरेला रुंद पट्टा बांधून पकड पट्ट्याला द्यावी, दंडाला नव्हे. अशा मुलांचे खांदे ओढाताणीने दुखावतात. पहिल्या वेळी मात्र कोणा जाणकाराला घरी बोलावून समोर करून घ्यावे. शहरातील दिव्यांगांसाठीच्या संयुक्त प्रादेशिक केंद्रात (सीआरसी) पालकांच्या प्रशिक्षणाबद्दल चौकशी करा.

आम्हा आरोग्य कर्मचाऱ्यांची चूकही मान्य करतो. ‘घरी तुम्ही कोणाला सांभाळता?’ एवढी एक ओळ केसपेपरवर छापलेली असती, तर ताईंना तो सल्ला निराळ्या शब्दांत मिळाला असता.

मानेवाड्याची आई

सर्वांचे आभार. मुलाला विचारले. खाते स्वतःच्याच नावाने आणि स्वतःच्याच अंगठ्याने हवे, असे त्याचे म्हणणे आहे. अडचण अशी की त्याची बोटे मिटलेली असतात आणि यंत्रावर ठसा येत नाही. शाखेच्या दाराशी तीन पायऱ्याही आहेत.

चाकाच्या खुर्चीतला वकील

पायऱ्या चढूच नका. दिव्यांगांना घरपोच सेवा द्यावी, तिच्यात केवायसीची कागदपत्रे घरी येऊन घेणेही धरावे, असे रिझर्व्ह बँकेने 2017 मध्येच बँकांना कळवले आहे. व्यवस्थापकांना तसे लेखी पत्र द्या. त्यावर अंगठा मुलाचाच असू द्या, शाईचा. बोटे सोडवायला वेळ लागला तरी चालेल.