मदत हवी आहे: व्हीसॅटवरच्या शाखांसाठी पिंगचा टाइमआउट किती ठेवावा?

नमस्कार मंडळी,

आमच्या पतसंस्थेच्या गडचिरोलीतल्या काही शाखा (भामरागड, एटापल्ली, सिरोंचा) व्हीसॅटवर (छोट्या डिशने उपग्रहामार्फत जोडलेल्या) आहेत, बाकीच्या फायबरवर. देखरेखीला झॅबिक्स हे सॉफ्टवेअर आहे, ते आतून एफपिंग वापरतं, म्हणजे प्रत्येक होस्टला (शाखेतल्या उपकरणाला) छोटी पॅकेट पाठवून उत्तर येतं का ते पाहणारा (पिंग करणारा) प्रोग्राम. सगळ्या होस्टना एकच सेटिंग: तीन पॅकेट, दोन पॅकेटमध्ये 1000 मिलिसेकंदांचं अंतर, टाइमआउट (उत्तराची वाट पाहण्याची मुदत) 800 मिलिसेकंद.

फायबरवर काहीच त्रास नाही. व्हीसॅटवर मात्र रोज संध्याकाळी डे-एंड (दिवसाचे व्यवहार बंद करण्याचं काम) सुरू झालं की 'होस्ट डाउन'चे मेसेज धडाधड येतात. त्याच वेळी फोन केला तर शाखेतले लोक निवांत एंट्री टाकत असतात! हाताने पिंग मारून पाहिलं: दुपारी 620 ते 680 मिलिसेकंद, संध्याकाळी 900 च्या वर, अधूनमधून 1300. म्हणजे पॅकेट परत येतं, फक्त उशिरा. आणि उशिरा आलेलं एफपिंग हरवलेलंच धरतं. उपग्रह 35,786 किलोमीटरवर, पॅकेट जाऊन परत येईपर्यंत ते अंतर चार वेळा कापतं, त्यातच 480 मिलिसेकंदांच्या आसपास जातात. तिथे 800 म्हणजे फारच तोकडं.

मला खरी काळजी पावसाळ्याची आहे. पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा रस्ता बंद होतो, जोराच्या पावसात केयू बँडचा (आमचं व्हीसॅट ज्या लहरींवर चालतं त्यांचा) सिग्नलही पडतो. तेव्हा खरोखर लिंक गेल्याचा मेसेज येईल आणि रोजच्या खोट्या मेसेजना कंटाळलेलं कोणी तो उघडणारही नाही.

व्हीसॅटसाठी झॅबिक्समध्ये वेगळं टेम्प्लेट (सेटिंगचा संच) करून टाइमआउट 2000 आणि पॅकेट पाच करायचा विचार आहे. पण एफपिंग 4.2 हाताने चालवलं तर टाइमआउट अंतरापेक्षा मोठा असल्याची वॉर्निंग येते. मग अंतरही 2000 करायचं का? तसं केलं तर एका तपासणीला जवळजवळ दहा सेकंद जातील, आणि आमच्याकडे पिंगर प्रोसेस (झॅबिक्समध्ये या पिंग तपासण्या चालवणारी) डिफॉल्ट एकच आहे. व्हीसॅटचे होस्ट मेले असतील तेव्हा फायबरवाल्यांची तपासणी मागे पडेल का? पिंगर वाढवून तीन-चार केले तर पुरेल?

दुसरं, ट्रिगर, म्हणजे मेसेज कधी जावा याची अट. सध्या एक तपासणी चुकली की लगेच मेसेज जातो. मिनिटाला एक तपासणी आहे, तर सलग तीन चुकल्यावरच मेसेज जाऊ द्यावा असं वाटतं. एक जरी पॅकेट आलं तरी होस्ट जिवंत धरला जातो, म्हणून पॅकेट लॉस आणि रिस्पॉन्स टाइमचे ट्रिगर वेगळे ठेवून फक्त वॉर्निंगवर ठेवणार आहे. व्हीसॅटला रिस्पॉन्स टाइमची मर्यादा किती धरता? टेम्प्लेटमधली 0.15 सेकंद इथे निरुपयोगी आहे.

कॉन्फिगमधला सर्व्हरचा टाइमआउट वाढवा असं कृपया सुचवू नका, पिंगच्या तपासण्यांना तो लागू होत नाही. ज्यांनी व्हीसॅटच्या किंवा तशाच संथ लिंकवर हे प्रत्यक्ष चालवलंय त्यांनी आपले आकडे इथे टाकले तर फार उपकार होतील. जूनच्या आधी हे मार्गी लावायचं आहे.