मित्र सोबत असला की मुलगा वेगळाच वागतो, काय करू?

नमस्कार, मुलगा ५ वर्षांचा, सिनियर केजीत आहे. घरी शांत असतो, पण सोसायटीतला त्याचा एक मित्र, दीडेक वर्षाने मोठा, तो खाली आला की थुंकणं, शिव्या, ढकलाढकली सुरू. परवा घसरगुंडीवर बसलेल्या ३ वर्षांच्या मुलीला याने मागून ढकललं, तिच्या हनुवटीला खोक पडली, २ टाके घालावे लागले. मी बाकावरच होते. ढकलायच्या आधी याने मित्राकडे बघितलं आणि ढकलल्यावर परत त्याच्याकडेच, ती रडतेय तिकडे लक्षच नाही, मित्र हसला तसा हाही हसला. ते डोळ्यांपुढून जातच नाहीये.

रात्री मी त्याला फटका दिला, मग मलाच रडू आलं. सासूबाई म्हणतात, ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, त्याच्याशी खेळणं बंद कर. पण ते पोर वाईट नाही हो, आईबाबा रात्री ८ ला येतात, एकटा आला की माझ्याकडून लाडू मागून खातो आणि डबा सिंकमध्ये ठेवून जातो. आणि शाळेच्या व्हॅनमध्ये दोघं एकत्रच असतात. तोडू की नको? प्लीज सांगा.

उत्तर : ताई, मी बालवाडीत शिकवते. तुम्ही जे बघितलंत ना, मित्र हसतोय का म्हणून तो त्याच्याकडे बघतो, तेच मूळ आहे. अमेरिकेत ऑरेगनमध्ये मानसशास्त्रज्ञ थॉमस डिशन यांनी १३-१४ वर्षांच्या मुलांच्या मित्रांसोबतच्या गप्पा व्हिडिओवर टिपल्या होत्या, नियम मोडायच्या गोष्टींवर जिथे हशा मिळायचा तिथे पुढे उपद्रव वाढलेला दिसला. ती मुलं मोठी होती, पण माझ्या वर्गात ४ वर्षांची पोरंही हशाच गोळा करतात. म्हणून तोडू नका, दोघांना तुमच्यासमोर खेळू द्या आणि काहीतरी काम द्या, झाडांना पाणी, वाळूचा किल्ला. काही केलं तर आधी ज्याला लागलंय त्याच्याकडे जा, मग याला गुपचूप उचलून घरी. मित्रासमोर ओरडू नका, तो पण तमाशाच होतो. फटका तर नकोच, एकीकडे मारू नको सांगायचं आणि आपणच मारायचं, त्यातून तो मारणंच शिकतो. एकटा असतानाही, घरीदारी सगळीकडे असंच करायला लागला तर मात्र बालमानसतज्ज्ञांना दाखवा.

धागाकर्ती : खूप धन्यवाद, उद्यापासून दोघांना कुंड्यांच्या कामाला लावते. व्हॅनचं मात्र कळत नाहीये, काका गाडी चालवणार की यांच्याकडे बघणार, कोणी सीट बदलून घेऊन बघितलंय का?