अनुभव धागा: गोव्याहून लांबचं विमान, दारापासून दारापर्यंत किती तास?

आईबाबा पहिल्यांदाच दादाकडे लंडनला चाललेत. नेटवर बघितलं तर गोवा-लंडन साधारण साडेसात हजार किलोमीटर, दहा-अकरा तास. पण घरातून निघाल्यापासून तिथल्या घरी टेकेपर्यंतचा खरा हिशेब हवाय. बाबांचे गुडघे दुखतात. गोव्यातल्या दोनपैकी मोपा विमानतळ की दाबोळी, मध्ये थांबा कुठे, वयस्कर माणसांना कसं झेपलं, सगळं सविस्तर लिहा.

काणकोणकर: आमचा अर्धा दिवस मोपाला पोचण्यातच जातो. राज्याच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला, शंभरावर किलोमीटर, जुवारीचा नवीन पूल झाल्यापासून कुठ्ठाळीचा तो ट्रॅफिक सुटला तरी अडीच तास धरूनच निघतो, वर विमानाच्या तीन तास आधी हजर. आणि दुबईचं विमान साडेतीन तासांचं! दाबोळीहून मिळालं तर दोन हजार जास्त गेले तरी मी तेच घेतो.

फोंड्याची मावशी: अगो, दिल्लीमार्गे पाठवू नकोस. आधी दीड हजार किलोमीटर उत्तरेला जायचं, आणि 2025च्या एप्रिलमध्ये पाकिस्तानने भारतीय विमान कंपन्यांना हवाई हद्द बंद केल्यापासून त्यांची विमानं परत खाली समुद्रावर येऊन वळसा घालतात. दोहा, दुबई कशी वाटेवरच पडतात. आमच्या ह्यांचे पाय एवढे सुजले होते की उतरताना बूट चढेना, शेवटी नाडी पूर्ण काढून टाकली तेव्हा कुठे पाय आत गेला. सैल चपला घालून पाठव, दर दीड-दोन तासांनी उठून चालायला सांग, आणि व्हीलचेअर तिकीट काढतानाच नोंदव. इतक्या मोठ्या विमानतळांवर गेट ते गेट चालणं त्यांना जमणार नाही.

डिचोलीचे सर: जाताना जास्त वेळ लागतो, येताना कमी. वरच्या हवेत पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचा वारा असतो, त्याला जेट स्ट्रीम म्हणतात. लंडनला जाताना तो समोरून येतो, परतताना पाठीशी. हिवाळ्यात त्याचा जोर वाढतो, तासाभराचा फरक सहज पडतो. आणि तिकिटावर निघायची वेळ इथली, पोचायची तिथली छापतात. लंडन आपल्यामागे उन्हाळ्यात साडेचार, हिवाळ्यात साडेपाच तास, ते मिळवल्याशिवाय खरा प्रवास कळत नाही. बाबांच्या गोळ्यांच्या वेळा इथल्या घड्याळाने मोजून डॉक्टरांकडून लिहून घ्या.

वास्को, बोटीवरचा: दोन वेगवेगळी तिकिटं जोडून काढू नका, स्वस्त पडली तरी. माझं पहिलं विमान उशिरा सुटलं, पुढचं चुकलं, आणि दोन्ही कंपन्यांनी हात वर केले. रात्रभर लोखंडी खुर्चीवर बसून काढली, आम्हा जहाजावरच्यांना चालतं ते, तुझ्या बाबांना नाही चालणार. एकाच पीएनआरवर, म्हणजे एकाच बुकिंग नंबरवर, सगळा प्रवास घे, म्हणजे चुकलं तर पुढच्या विमानात बसवायची जबाबदारी त्यांची, बॅगाही शेवटपर्यंत जातात. मधला थांबा तीन-चार तासांचा बघ, दीड तासात व्हीलचेअरवाल्याची वाट बघण्यातच वेळ संपतो.