मदत हवी आहे: सरांचे विषय नव्या मुलांना दाखवायचे कसे?

रत्नागिरीत इलेक्ट्रिकलच्या नव्या मुलांना प्राध्यापकांची ओळख करून द्यायचीय. नुसतं 'सर हाय व्होल्टेजवाले' म्हटलं तर डोक्यावरून जातं. त्या सरांचा विषय दाखवायचं जमलंय: ११ केव्हीचे (११ हजार व्होल्टचे) दोन पिन इन्सुलेटर (खांबावर तार धरणारे, वीज न वाहू देणारे), एक कोरडा, दुसऱ्यावर मिठाच्या पाण्याचा फवारा, मग मेगर (इन्सुलेशनचा रोध मोजायचं यंत्र). खाऱ्या वाऱ्याचा थर दवाने भिजला की विजेची गळती वाढून फ्लॅशओव्हर होतो, म्हणजे इन्सुलेटरच्या पृष्ठभागावरून ठिणगी उडते. मोठा पाऊस तोच थर धुऊन नेतो. मशीन्स शिकवणाऱ्या मॅडमच्या विषयासाठी दाखवायला पोफळीचं (कोयना प्रकल्पाचं) वीजघर आहेच.

अडलंय आणखी दोन विषयांत. २४ व्होल्टच्या आत, पाच मिनिटांत, ऑसिलोस्कोपशिवाय पीडब्ल्यूएमची (वीज झपाट्याने चालू-बंद करून सरासरी व्होल्टेज बदलायच्या पद्धतीची) ड्यूटी सायकल, म्हणजे एका आवर्तनात वीज किती टक्के वेळ चालू असते ते, मागच्या बाकापर्यंत कशी दाखवाल? दिवा मंद-प्रखर होतो, पण कारण दिसत नाही. आणि ओव्हरकरंट रिलेत (करंट मर्यादेबाहेर गेला की सर्किट तोडायला लावणाऱ्या उपकरणात) करंट वाढला की रिले चालायची वेळ घटते, हे फ्यूज तारेचे सारखे तुकडे वेगवेगळ्या करंटला वितळवून पटेल का? कोणत्या गेजची (जाडीची) तार घ्यावी?